ध्रुवाभोंवतालचीं वर्तुळें

विवाहहोम आणि सप्तपदी झाल्यानंतर वधूवरांस ध्रुव, अरुंधती व सप्तर्षि यांचें दर्शन घडवावें असें गृह्यसूत्रांत सांगितलें आहे, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. विधि मूळचा रात्रीचा. परंतु आतां लग्नें भर दुपारच्या मुहूर्तावर मंगल कार्यालयांत लागतात. त्यामुळें उपाध्येबुवा छताकडे बोट करून "ध्रुव पाहा" म्हणतात आणि वधूवर टांगलेल्या पंख्यास नमस्कार करून मोकळीं होतात. याबद्दल उपाध्यायांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. तोच विधि रात्रीं करूं म्हटलें तरी पुण्या-मुंबईच्या कोणत्या गच्चीवरून अरुंधती दिसणार आहे? वसिष्ठाच्या अंगाशीं बिलगलेली ती चौथ्या प्रतीची बारीक तारका शहरांतील दिव्यांच्या उजेडांत केव्हांच बुडून गेली. ध्रुव अजून कसाबसा दिसतो; पण तो नेमका कोणता असें विचारलें, तर चांगलीं शिकलेलीं माणसेंहि आकाशांत जें कांहीं अधिक चमकत असेल त्याकडे बोट दाखवितात.

ह्या ध्रुवाची आणि त्याच्या भोंवतीं फिरणाऱ्या तारकांची ओळख करून घेण्याचा एक निराळा मार्ग आज पुष्कळ घरांत नुसता पडून आहे, त्याविषयीं ह्या लेखांत लिहावयाचें आहे. तो मार्ग म्हणजे घरांतील डिजिटल कॅमेरा. बारसें, मुंज, सहल एवढें झालें कीं हा कॅमेरा कपाटांत जातो. त्याच्या आज्ञांच्या यादींत खोल कोठें तरी 'इंटरव्हल टायमर' नांवाची एक सोय असते. ठराविक काळ लोटला कीं शटर आपोआप उघडावयाचें, ठराविक वेळ उघडें ठेवावयाचें, मग मिटावयाचें आणि पुनः उघडावयाचें, असें शेंकडों वेळां न थकतां करणारें हें घड्याळ आहे. मराठींत त्यास 'अंतर-घटिका' म्हणावयास हरकत नसावी. पण कॅमेऱ्यावर तें इंग्रजी नांवानेंच सांपडावयाचें, म्हणून आम्हींहि तेंच नांव ठेविलें आहे. ज्या कॅमेऱ्यांत ही सोय नसते, त्यास बाहेरून तारेनें जोडावयाचें असेंच एक लहान यंत्र मिळतें. फुलाची कळी उमलतांना, ढग चढतांना किंवा इमारत उभी राहतांना चित्रें घेण्यासाठीं ही योजना असते. तिचा सर्वांत सुंदर उपयोग मात्र अंधाऱ्या रात्रीं होतो.

पृथ्वी स्वतःभोंवतीं एक फेरा २३ तास ५६ मिनिटें ४ सेकंदांत पुरा करते. त्यामुळें सारें तारांगण आपल्या डोक्यावरून तासाला सुमारें १५ अंश, म्हणजे ४ मिनिटांस १ अंश, सरकत असतें. डोळ्यांना हें सरकणें जाणवत नाहीं, कारण डोळा मागचें क्षणोक्षणीं विसरतो. कॅमेरा विसरत नाहीं. त्याचें शटर उघडें ठेवून त्यास तिपाईवर घट्ट बसविलें, तर प्रत्येक तारा ठिपक्याऐवजीं रेघ ओढूं लागतो, आणि दोन-तीन तासांनीं त्या रेघांचीं ध्रुवाभोंवतीं एकांत एक बसलेलीं वर्तुळखंडें तयार होतात. तारकांच्या ह्या वाटा ज्यानें प्रथम पाहिल्या, त्यास आकाश हें नुसतें पसरलेलें नसून फिरतें आहे, ही गोष्ट पुनः कोणी समजावून सांगावी लागत नाहीं.

गंमत अशी कीं, ज्योतिषी लोकांनीं ह्या रेघा टाळण्यासाठींच पिढ्यान् पिढ्या खटपट केली. सूर्याव्यतिरिक्त एखाद्या ताऱ्याचें पहिलें छायाचित्र १७ जुलै १८५० रोजीं अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेंत घेण्यांत आलें. वेधशाळेचे प्रमुख विल्यम बॉन्ड आणि छायाचित्रकार जॉन व्हिपल यांनीं १५ इंची दुर्बिणीला डॅगेरोटाइप पद्धतीचा पत्रा लावून अभिजित् ताऱ्याचें चित्र घेतलें. त्यास सुमारें १०० सेकंद लागले. तेवढा वेळ दुर्बीण ताऱ्याच्या मागोमाग अचूक फिरविणें हेंच मुख्य काम होतें. पुढें घड्याळाच्या यंत्रानें दुर्बीण फिरूं लागली, तारे ठिपके राहिले, आणि मग रेघेलाहि किंमत आली. हायडेलबर्गच्या माक्स व्होल्फ यांनीं डिसेंबर १८९१ मध्यें घेतलेल्या चित्रांत सर्व तारे बिंदुरूप असतां एकानेंच लहानशी रेघ ओढलेली आढळली. तो तारा नव्हता. छायाचित्राच्या साह्यानें सांपडलेला तो पहिला लघुग्रह होता, आणि ब्रूसिया ह्या नांवानें तो आज ओळखला जातो.

जुन्या फिल्मच्या काळांत रेघांचें चित्र घ्यावयाचें तर शटर उघडून तास-दोन तास तसेंच ठेवीत. ऑस्ट्रेलियांतील सायडिंग स्प्रिंग वेधशाळेंत डेव्हिड मॅलिन यांनीं ह्या रीतीनें घेतलेलीं दक्षिणध्रुवाभोंवतालचीं चित्रें जगप्रसिद्ध आहेत. पण तेथील आकाश आणि मॅलिनसारखा हात प्रत्येकास कोठून मिळणार? डिजिटल कॅमेऱ्यांत शटर फार वेळ उघडें ठेविल्यास सेन्सर तापून चित्रावर रंगीत ठिपक्यांचा शिडकावा होतो. एखादी मोटार दिवे लावून समोरून गेली, कीं दोन तासांची मेहनत फुकट जाते. आणि खरी अडचण तर याहून मूलभूत आहे, ती थोडी सविस्तर सांगितली पाहिजे.

तारा चालता असतो. सेन्सरच्या ज्या बिंदूवर आतां त्याचा प्रकाश पडत आहे, तेथून तो कांहीं सेकंदांनीं पुढच्या बिंदूवर जातो. म्हणून शटर अर्धा मिनिट उघडें असो कीं दोन तास असो, रेघेची लांबी वाढते, तिचा उजळपणा वाढत नाहीं. तो अवलंबून असतो भिंगाच्या छिद्राच्या आकारावर आणि सेन्सरच्या संवेदनक्षमतेवर. उलट, आकाशाची पार्श्वभूमि आपल्या जागेवरच असते. शहराचा जो कांहीं उजेड तिच्यावर पसरला असेल तो एकाच बिंदूवर सारखा सांचत राहतो. तासाभरांत ही सांचलेली पांढुरकी साय इतकी वाढते कीं बारीक ताऱ्यांच्या रेघा तिच्यांत विरघळून जातात.

इंटरव्हल टायमरनें ही अडचण मोठ्या खुबीनें दूर केली. एक लांब चित्र घेण्याऐवजीं अर्ध्या अर्ध्या मिनिटाचीं शेंकडों चित्रें ओळीनें घ्यावयाचीं आणि मागाहून संगणकावर तीं एकावर एक रचावयाचीं. रचतांना नियम एकच: प्रत्येक बिंदूपुरतें पाहिलें असतां सर्व चित्रांत जो प्रकाश अधिकांत अधिक असेल तेवढाच ठेवावयाचा. तारा ज्या बिंदूवरून एकदां गेला तेथें त्याची खूण राहते. पार्श्वभूमि मात्र शंभर चित्रें रचलीं तरी अर्ध्या मिनिटाइतकीच काळी राहते. रेघ वाढते, साय वाढत नाहीं. मोटारीचा उजेड पडलेलें एखादें चित्र वगळतांहि येतें. हें काम करणारा स्टारस्टॅक्स नांवाचा संगणकीय कार्यक्रम फुकट मिळतो, आणि घरांतील पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी तो पाऊण तासांत शिकून घेते, असा आमचा अनुभव आहे.

आतां प्रत्यक्ष मांडणी. वाइड अँगलचें भिंग असावें. २४ मिलिमीटरच्या आसपासचें उत्तम. छिद्र २.८ ते ४, संवेदनक्षमता म्हणजे आय. एस. ओ. ४०० ते १६००, आकाश जितकें काळें तितकी अधिक. प्रत्येक चित्रास ३० सेकंद. फोकस हातानें, एखाद्या ठळक ताऱ्यावर, मागील पडद्यावरचें चित्र मोठें करून साधावा, आणि तो हलूं नये म्हणून भिंगाच्या कड्यावर चिकटपट्टी लावून टाकावी. अंधारांत कॅमेऱ्यास आपोआप फोकस करूं दिल्यास तो वेड्यासारखा पुढेंमागें शोधीत बसतो आणि चित्र घेतच नाहीं. रंगाचा समतोल एकाच ठिकाणीं बांधून ठेवावा. हात थरथरल्यास सांवरून घेणारी भिंगांतील योजना बंद करावी, कारण तिपाईवर तीच थरथर उत्पन्न करते.

टायमर लावतांना मात्र दोन ठिकाणीं नवशिका हटकून फसतो. पहिलें ठिकाण असें कीं, कॅमेऱ्यावर '३० सेकंद' म्हणून जें लिहिलेलें असतें तें बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्यक्ष ३२ सेकंद असतें. शटरचे वेळ दुपटीनें वाढत जातात, १, २, ४, ८, १६ आणि ३२. लिहितांना मात्र १५ आणि ३० असे गोल आंकडे लिहिण्याचा प्रघात पडला आहे. आतां कांहीं कॅमेऱ्यांत 'इंटरव्हल' म्हणजे एका चित्राच्या आरंभापासून दुसऱ्याच्या आरंभापर्यंतचा काळ. तेथें कोणी हिशेबानें ३१ सेकंद लावले, तर एकतिसाव्या सेकंदास कॅमेरा पहिल्याच चित्रांत गुंतलेला असतो. तो हांक ऐकत नाहीं, आणि दुसरें चित्र बासष्टाव्या सेकंदास घेतो. परिणामीं अर्धी रेघ आणि अर्धी पोकळी, अशी तुटक ओळ उमटते. अशा कॅमेऱ्यांत ३३ सेकंद लावावे. दुसऱ्या जातीच्या यंत्रांत 'इंटरव्हल' म्हणजे एक चित्र संपल्यापासून दुसरें सुरू होईपर्यंतची विश्रांति. तेथें १ सेकंद पुरे. आपलें यंत्र कोणत्या जातीचें, हें घरींच दिवाणखान्यांत दहा चित्रें घेऊन पाहावें, रानांत जाऊन नव्हे. एका सेकंदाच्या पोकळीनें कांहीं बिघडत नाहीं: पूर्ण आकाराच्या, अडीच कोटींच्या आसपास बिंदू असलेल्या सेन्सरवर २४ मिलिमीटरच्या भिंगानें विषुववृत्तावरील ताऱ्यास एक बिंदु ओलांडावयास तीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. पांच-सहा सेकंदांची पोकळी मात्र दिसूं लागते.

दुसरें ठिकाण अधिक घातक. लांब चित्रांतील रंगीत ठिपके घालविण्यासाठीं कॅमेऱ्यांत एक सोय असते. तींत कॅमेरा प्रत्येक चित्रानंतर शटर मिटून तेवढ्याच वेळाचें एक काळें चित्र घेतो व पहिल्यांतून वजा करतो. एरवीं ती फार उपयोगाची. पण येथें ती चालू राहिली तर तीन तासांपैकीं दीड तास कॅमेरा डोळे मिटून बसतो. ती बंद ठेवावी, आणि काम संपल्यावर भिंगास झांकण घालून तशींच आठ-दहा काळीं चित्रें वेगळीं घ्यावीं. मागाहून तींच वजा करण्यास उपयोगी पडतात.

तीन तासांचा हिशेब केला तर ३३ सेकंदांच्या अंतरानें ३२७ चित्रें होतात, ताऱ्यांचीं वर्तुळखंडें ४५ अंशांचीं होतात, आणि कच्च्या स्वरूपांत साठविल्यास नऊ-दहा गिगाबाइट जागा लागते. बॅटरी पुरी भरलेली हवी, आणि शक्य तर बाहेरून वीज पुरविण्याची सोय हवी, कारण मध्यें बॅटरी बदलण्यास जो वेळ जाईल तेवढी रेघ तुटेल. आपल्याकडे खरा शत्रु दंव. कार्तिक-मार्गशीर्षांत सह्याद्रीच्या पठारांवर मध्यरात्रीनंतर भिंगावर असें दंव बसतें कीं पुढचीं शंभर चित्रें धुरकट होतात. भिंगाभोंवतीं बांधावयाची उष्ण पट्टी मिळते. ती नसेल तर जाड लोकरी कापड गुंडाळून त्यांत हात शेकण्याची पुरचुंडी ठेवावी.

दिवस निवडतांना पंचांग उघडावें. अमावास्या सर्वांत काळी खरी, पण समोरचें देऊळ किंवा झाड त्या काळोखांत नुसतें सावलीसारखें येतें. आम्हांस शुद्ध चतुर्थी-पंचमीची रात्र आवडते: रात्रीं दहाच्या सुमारास चंद्र मावळेपर्यंत त्याच्या कोंवळ्या प्रकाशांत पुढची जमीन उजळून निघते, आणि त्यानंतरचा काळोख ताऱ्यांसाठीं राहतो. जागा गांवापासून दूर असावी, तेथील माणसांस आधीं कळवावें, एकट्यानें जाऊं नये. टायमर एकदां चालूं झाला कीं तीन तास कॅमेऱ्यास हात लावावयाचा नाहीं, आणि विजेऱ्या पेटवावयाच्या नाहींत. मोबाइल खिशांत ठेवून घरचीं लहानथोर माणसें तीन तास सतरंजीवर बसलीं आहेत, हा योग एरवीं घरांत क्वचितच येतो. चिवड्याचा डबा आणि चहाचा थर्मास मात्र विसरूं नये.

कॅमेरा उत्तरेकडे रोखला म्हणजे वर्तुळें मिळतात. त्यांचा मध्य क्षितिजापासून किती उंच असावयाचा हें ठिकाणाच्या अक्षांशावर ठरतें: पुण्यास साडेअठरा अंश, नागपुरास एकवीस, काशीस पंचवीस, लडाखांतील हानले येथें जवळ जवळ तेहतीस. हात लांब करून वळलेली मूठ सुमारें दहा अंश व्यापते. म्हणजे पुण्याचा ध्रुव दोन मुठींहून जरा खालींच. त्यामुळें आपल्या महाराष्ट्रांत सप्तर्षि मावळतात, ते ध्रुवाभोंवतीं पुरें वर्तुळ कधींच दाखवीत नाहींत. हानलेहून पाहिल्यास सातांपैकीं एकटा क्रतु क्षितिजास न शिवतां खालून वळसा घालून वर येतो.

हें एवढ्यासाठीं सांगितलें कीं, अलीकडे तारकांच्या वर्तुळांचीं चित्रें फार दिसूं लागलीं आहेत आणि त्यांतील कांहीं सरळ सरळ बनावट असतात. कोंकणांतील देवळाच्या कळसावर अर्ध्या आकाशाइतक्या उंचीवर ध्रुव बसविलेला दिसला, कीं तें आकाश युरोपांतून उसनें आणून चिकटविलें आहे असें खुशाल समजावें. रेघा जोडणें ही लबाडी नव्हे. त्या रेघा त्या जागीं, त्या रात्रीं खरोखर ओढल्या गेल्या होत्या. एका गांवची जमीन आणि दुसऱ्याच देशाचें आकाश जोडणें ही मात्र लबाडी आहे, आणि चित्र देखणें असल्यानें ती क्षम्य होत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

चित्र तयार झालें म्हणजे मध्यभागीं नीट पाहावें. तेथें ध्रुव ठिपका नसतो. तोहि एक लहानशी वांकडी रेघ ओढतो. आमच्या घरीं असें एक चित्र मोठें करून पाहत असतां घरांतील ऐंशी वर्षांच्या काकूंनीं तें भिंगाखालीं धरून बराच वेळ न्याहाळलें आणि विचारलें, "म्हणजे हाहि फिरतो? मग लग्नांत अढळ म्हणून दाखवितात तो कोण?" प्रश्न साधा होता, पण त्यास एका वाक्यांत उत्तर देणें आम्हांस जमलें नाहीं.

आजचा ध्रुव आकाशाच्या खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारें ३८ कला दूर आहे. म्हणजे तो दिवसभरांत जें वर्तुळ काढतो त्याचा व्यास पूर्णचंद्राच्या अडीचपट भरतो. पृथ्वीचा अक्ष भोंवऱ्यासारखा डुलत सुमारें २६ हजार वर्षांत एक फेरा करतो, त्यामुळें ध्रुवबिंदूच आकाशांत जागा बदलत जातो. दोन हजार वर्षांपूर्वीं आजचा ध्रुव त्या बिंदूपासून सुमारें बारा अंश दूर होता, त्यास त्या काळीं कोणी अढळ म्हटलें नसतें. त्याच्याहि मागें, इसवी सनापूर्वीं २८०० च्या सुमारास, कालेय नक्षत्रसमूहांतील थुबान हा तारा ध्रुवबिंदूच्या अगदीं लगत होता. वधूस दाखवावयाचा अढळ ध्रुव तो हाच असला पाहिजे, आणि म्हणून विधि तितका जुना असला पाहिजे, असा तर्क जर्मन पंडित याकोबी यांनीं गेल्याच्या मागील शतकाच्या अखेरीस मांडला. तो सर्व विद्वानांस मान्य झाला नाहीं. तथापि काकूंच्या प्रश्नाचा रोख आणि याकोबींच्या तर्काचा रोख एकच होता, हें पाहून आम्हांस कौतुक वाटलें. आणखी सुमारें बारा हजार वर्षांनीं ध्रुवपदाजवळ येणारा ठळक तारा म्हणजे अभिजित्, ज्याचें १८५० सालीं पहिलें चित्र निघालें तोच.

अरुंधतीची रेघ पाहावयाची असेल तर ५० मिलिमीटरचें किंवा त्याहून लांब भिंग लावून चैत्र-वैशाखांत, सप्तर्षि उंच असतांना, वसिष्ठावर रोखावें. दोन ताऱ्यांमधील अंतर सुमारें बारा कला आहे. आमची अपेक्षा अशी होती कीं दोन रेघा चांगल्या फटकून उमटतील. प्रत्यक्षांत त्या एकमेकींस अगदीं लागून येतात, कारण त्या अंतराचा बहुतेक भाग चालण्याच्या दिशेंतच आहे. ध्रुवापासून दोघांच्या अंतरांत फरक चार कलांहूनहि कमी. म्हणजे वसिष्ठ ज्या वाटेनें जातो, जवळ जवळ त्याच वाटेनें अरुंधती सव्वा मिनिटाच्या अंतरानें त्याच्यामागून जाते, किंचित् ध्रुवाकडील बाजूनें. महाभारताच्या भीष्मपर्वांत युद्धापूर्वींचे अपशकुन सांगतांना, अरुंधतीनें वसिष्ठास मागें टाकलें, असा एक उल्लेख आहे. तो अपशकुन कां ठरावा, हें ह्या दोन रेघांचीं टोकें पाहिलीं असतां कळतें. त्या उल्लेखावरून युद्धाचा काळ ठरविण्याचे जे खटाटोप होतात, त्यांच्या वाटेस आम्ही जात नाहीं.

पूर्वेकडे रोखलेलें चित्र कमी लोकप्रिय, पण आमच्या मतें सर्वांत बोधप्रद. तेथें वर्तुळें नसतात. मधोमध एकच रेघ सरळ असते, आपल्या अक्षांशाइतकी दक्षिणेकडे कललेली; तिच्या डावीकडच्या रेघा ध्रुवाकडे वांकतात, उजवीकडच्या दक्षिणेकडे. ती सरळ रेघ म्हणजे आकाशाचें विषुववृत्त. आज मृगाच्या पोटांतील बाणाच्या तीन तारकांपैकीं वरची तारका जवळ जवळ तीवरून चालते, म्हणून ती अगदीं ठीक पूर्वेस उगवते. कृत्तिका पुण्याहून पाहतां पूर्वेच्या सुमारें २५ अंश उत्तरेस उगवतात. परंतु शतपथ ब्राह्मणांत कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत असें म्हटलें आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं हें वाक्य हेरलें, कृत्तिका विषुववृत्तावर केव्हां होत्या याचें गणित केलें, आणि तो काळ इसवी सनापूर्वीं सुमारें तीन हजार वर्षांचा येतो असें दाखविलें. १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासांत हा विचार आहे. त्या अनुमानावर वाद झाले व होतील. पण दीक्षितांचा मुद्दा समजून घेण्यास पूर्वेकडील रेघांच्या चित्राइतकें सोपें साधन आम्हांस दुसरें माहीत नाहीं: सरळ रेघेवर आज मृगाचा बाण, आणि डावीकडे वांकलेल्या रेघांत कृत्तिकांचा झुपका.

दक्षिणेकडे अगस्त्य आपली बुटकी कमान काढून मावळतो, एवढें सांगून पुढें जाऊं. रंगांविषयीं मात्र एक शब्द. ठिपक्यांत ताऱ्याचा रंग पांढरा पडतो, रेघेंत तो पसरून खुलतो. आर्द्रेची रेघ तांबूस, तिच्याच जवळील राजन्य निळसर. ज्येष्ठेची रेघ तर शेंदराची बोट ओढल्यासारखी दिसते.

हीं चित्रें पृथ्वीच्या फिरण्याचा पुरावा होत, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. तें बरोबर नाहीं. चित्रांत दिसतें तें एवढेंच कीं, जमीन आणि तारे यांपैकीं कोणी तरी फिरत आहे. नावेंत बसून पुढें जाणाऱ्यास तीरावरील स्थिर वस्तू मागें जातांना दिसतात, तसेंच तारे आपणांस पश्चिमेकडे जातांना दिसतात, हें आर्यभटानें इसवी सन ४९९ मध्यें लिहिलें. तरी वराहमिहिरानें, पृथ्वी फिरत असती तर उडालेलीं पांखरें घरट्यांत परत कशीं आलीं असतीं, असा आक्षेप घेतला, आणि ब्रह्मगुप्तहि आर्यभटाच्या विरुद्धच गेला. कॅमेरा तिपाईवर ठेवा, देऊळ स्थिर आणि तारे फिरते. तोच ताऱ्यांमागें फिरणाऱ्या यंत्रावर ठेवा, तारे ठिपके होतात आणि देवळाचीच रेघ ओढली जाते. मुलांकडून हीं दोन्ही चित्रें काढवून घेऊन शेजारी शेजारी ठेवावीं. आर्यभटाची नाव त्यांस लगेच कळते. पृथ्वीच्या भ्रमणाचा डोळ्यांस दिसणारा पुरावा पाहिजे असल्यास १८५१ सालीं फूको यांनीं पॅरिसमध्यें टांगलेल्या लंबकाकडे जावें लागेल.

आकाशांतूनहि अशीं चित्रें निघालीं आहेत. अंतराळवीर डॉन पेटिट यांनीं २०१२ सालीं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून अर्ध्या अर्ध्या मिनिटाचीं चित्रें जोडून रेघा मिळविल्या. स्थानक सुमारें दीड तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करतें, त्यामुळें तेथें वर्तुळें फार जलद भरतात, आणि खालच्या शहरांच्या दिव्यांच्याहि पिवळ्या रेघा उमटतात.

त्या पिवळ्या रेघांकडे पाहिलें असतां मन अस्वस्थ होतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. १९४४ सालीं पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली तेव्हां तारे पाहण्यास शहराबाहेर जाण्याची गरज कितपत पडत असेल? आज काळें आकाश हें राखीव रान होऊन बसलें आहे, आणि तें शब्दशः खरें आहे: हानलेच्या परिसरांत २०२२ सालीं सरकारनें काळोखाचें राखीव क्षेत्र ठरविलें, आणि आपल्या पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें भारतांतील पहिलें 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. वाघाप्रमाणें काळोखहि आतां राखून ठेवावयाची वस्तु झाली. त्यांत २०१९ पासून स्टारलिंकचे कृत्रिम उपग्रह हजारोंनीं वर चढले आहेत. संध्याकाळच्या व पहांटेच्या चित्रांत तारकांच्या वर्तुळखंडांस छेदून जाणाऱ्या सरळ पांढऱ्या रेघा हटकून येतात. त्या काढून टाकण्याच्या युक्त्या आहेत. आम्ही त्या रेघा कांहीं चित्रांत मुद्दाम तशाच ठेवितों. त्या रात्रीचें आकाश तसें होतें.

तयार चित्राच्या पाठीवर चार गोष्टी अवश्य लिहून ठेवाव्या: ठिकाण, तारीख व तिथि, आरंभाची व शेवटची वेळ, आणि भिंगाचें माप. ध्रुव अद्याप ध्रुवबिंदूच्या जवळ येत आहे. इसवी सन २१०० च्या सुमारास तो तेथून अवघा २७-२८ कलांवर असेल आणि मग दूर जाऊं लागेल. आज दहा वर्षांचें असलेलें मूल, त्याच्या नातवंडानें त्या वेळीं त्याच जागेवरून, त्याच भिंगानें, तितक्याच तासांचें चित्र घेतलें, तर मधल्या त्या बारीक वांकड्या रेघेची लांबी आजच्या चित्राशेजारीं ठेवून मोजूं शकेल. ती सुमारें चतुर्थांशानें आंखूड भरेल.